एक्केचाळीस मावळे

नारायण पेठ, पुणे
मंगळवार, २५ ऑक्टोबर १९९४

दादा, नमस्कार.

नाशिकला तुम्ही सगळे बरे असाल. चार वर्षांनी लिहिते आहे, म्हणून आधी फक्त घडलेलं लिहिते.

१. रविवारी दुपारी तीन वाजता बाबांचे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे पेटीतून काढले. संख्या एक्केचाळीस.
२. त्यांच्यावर धूळ होती. बादलीत कोमट पाणी घेतलं.
३. मावळे पाण्यात ठेवले.
४. वीस मिनिटांनी बादलीत गाळ होता.
५. बाबा शनिवारपासून कसब्यात कुसुमआत्याकडे आहेत. येत्या रविवारी परत येतील. त्यांना माहीत नाही.

बाबांची आवड तुला ठाऊक आहे. कुंभारवाड्यात जाऊन ते न भाजलेले मावळेच निवडायचे. सोनबा म्हणायचे, "सायेब, भट्टीत घालू द्या की, न्हाईतर पहिल्या सरीला पळतील तुमचे गडी." बाबा म्हणायचे, "पळू देत. भाजला की चेहरा सरकारी होतो." मला एका मापाचे आवडायचे, पट्टी लावून उभे केलेले. दोन मावळ्यांच्या उंचीत दीड इंच फरक, हे सैन्य की वरात, असं मी विचारलं होतं. "वरातच," बाबा म्हणाले, "पण लढणारी." तू जाताना नेलेस ते एकोणीस सगळे बसलेले होते, पहारा सोडून चिलीम ओढणारे. तुझी आवड आळशी आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मावळे येतात. हा बजरंग, हा जयसिंग. शनिवारी सकाळी मी विचारलं, "बाबा, मी कोण?"

"आपण नर्सबाई ना?" ते म्हणाले. "जरा त्या सर्जेरावाला सावलीत ठेवता का? त्याला ऊन सोसत नाही."

मी त्याला परत पेटीत ठेवला. मग त्यांना रिक्षातून आत्याकडे सोडलं.

क्रमांक ३ अपुरा आहे. कच्ची माती पाण्यात किती वेळात सुटते, हे मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज तपासते. चुकून झालं असं मी आत्याला सांगितलं. तिने विश्वास ठेवला. तू ठेवू नकोस. आधी एकटा सर्जेराव पाण्यात धरला. त्याच्या पागोट्याचा लाल रंग पाण्यावर आला, मग पाय गेले. तेव्हा थांबता आलं असतं. उरलेले चाळीस मी एकेक करून सोडले. प्रत्येकाच्या बैठकीखाली बाबांनी पेन्सिलीने नाव लिहिलं होतं. ते वाचून सोडले. माझं नाव कुठेच नव्हतं, हे मला आधीपासून माहीत होतं.

काल कुंभारवाड्यात गेले. सोनबा राहिले नाहीत. त्यांचा मुलगा साच्यातले करतो, तेलरंगाचे, सगळे एका उंचीचे. नेमके माझ्या आवडीचे. एकही उचलवला नाही.

शेजारच्या फोनवर आत्याचा निरोप आला होता. किल्ल्यावर फौज चढवायची कधी, असं बाबा रोज विचारतात. म्हणतात, घरी काळजी नाही, नर्सबाई भल्या आहेत, माझी माणसं सांभाळतात.

दादा, मला झोप नाही, जेवण जात नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. वसुबारसेला ते पेटी मागतील आणि मी समोर उभी असेन. त्यांना काय सांगायचं, ते मला ठरवता येत नाही. माझ्या रागाने बादलीत काय केलं ते मी पाहिलं आहे, म्हणून बाबांबरोबर या घरात एकटी राहायला मी भिते.

तुझं त्यांच्याशी भांडण होतं. ते त्यांना आठवत नाही. तू आलास तर तुलाही "आपण कोण" म्हणतील, एवढी तयारी ठेव. तुझे एकोणीस कापसात बांधून स्वतः घेऊन ये. पार्सलने पाठवू नकोस.

येणार की नाही, एवढंच कळव. शेजारी श्यामसुंदरकाकांकडे फोन केलास तरी चालेल. शनिवार, २९ तारखेच्या संध्याकाळपर्यंत उत्तर दे.

उल्का