ट्रूडीला आधी कलम सहा वाचून दाखवावं

मी, डेन्झिल ट्रेझाइझ, वय वर्षे ८३, राहणार मूंटा, दक्षिण ऑस्ट्रेलिया, वॉलरूच्या धान्यकोठारावरचा निवृत्त काटेवाला, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. गुडघे गेले, उजवा कान गेला. डोकं मात्र ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात खोटं काही नव्हतं, पण जे लिहायला हवं होतं तेही नव्हतं.

कलम १. माझ्या मागे वारस म्हणून एकच माणूस आहे, माझी सून ट्रूडी. माझा एकुलता मुलगा ब्रेंटन मे २०१० मध्ये गेला. तो आपल्यामुळे गेला असं ट्रूडी मानते. ते साफ चूक आहे, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत असूनही मी तोंड शिवून बसलो. म्हणून वकिलांनी तिची कशावरही सही घेण्याआधी कलम सहा तिला मोठ्याने वाचून दाखवावं. त्यानंतर तिला माझं काहीच नको वाटलं तर तिची समजूत काढत बसू नये.

कलम २. राहतं घर, मागच्या अंगणासह, ट्रूडीला बिनशर्त. माझ्या आजोबांनी खाणीत दिवस भरून रविवारी दगड रचत ते बांधलं. पूर्वेकडचं छप्पर गळतं, ते मी तीस वर्षं उद्यावर ढकललं. बँकेतली शिल्लकही तिचीच. शवपेटी साध्यातली साधी घ्यावी. कोठारावर मी आयुष्यभर लोकांचे सातू तोलले. मला कुणी दिखाव्याने तोलू नये.

कलम ३. सुतारकामाची हत्यारं गावातले म्हातारे जमून ठाकठोक करतात त्या शेडला. करवती धार लावलेल्या आहेत. शेडमधले लोक त्या बोथट करतील, याला माझा इलाज नाही.

कलम ४. शेजारी हार्टली रॉड्डा याला माझी बिअरची घनता मोजायची काचेची नळी. १९९९ च्या कॉर्निश मेळ्यात, म्हणजे विलायतेहून खाणीवर आलेल्या आमच्या लोकांच्या जत्रेत, या गृहस्थाने परीक्षकांना सांगितलं, की "डेन्झिल दुकानातून डब्यातला तयार पाक आणून ओततो, त्याची कसली घरची बिअर!" मी वीस वर्षं त्याच्याशी कुंपणावरून फक्त हवापाण्याचं बोललो. आता तरी त्याने अंदाजपंचे दाहोदर्से सोडून मोजून बिअर करावी.

कलम ५. बिअरचं सामान. याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल, त्याशिवाय कलम सहा कळायचं नाही.

बाराव्या वर्षी मी मेथडिस्ट चर्चमध्ये दारूला शिवणार नाही अशी लेखी शपथ घेतली. आमच्या कॉर्निश घरांत सगळेच घेत. आणि सगळ्यांच्याच घरी नाताळला स्वँकी होत असे. स्वँकी म्हणजे आमची घरगुती बिअर: साखर, आलं, हॉप्सची कडू फुलं, यीस्ट, आणि प्रत्येक बाटलीत दोन मनुका. मनुका तळाशी असतात तोवर थांबायचं, वर तरंगल्या की उघडायची. दारू प्यायली तर शपथ मोडायची, स्वँकीने मोडत नसे. असं का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्त झाल्यावर वेळ जाईना, म्हणून मी ती करायला शिकलो. माझी बायको मेल्वा हिच्या आईची कृती एका चिठोऱ्यावर होती. त्यात साखर "अक्कल असेल तेवढी" असं लिहिलेलं. माझी अक्कल जास्त निघाली. चौथ्या दिवशी पाद्री चहाला आले असताना मागच्या खोलीत अकरा बाटल्या एकामागून एक फुटल्या. मेल्वा म्हणाली, "काही नाही हो, यांची भक्ती उतू चाललीय."

पुढे ब्रेंटन दर शनिवारी यायला लागला. तो तीस वर्षांचा, यंत्रदुरुस्ती करणारा, हाताचा हुशार. तापमान त्याने सांभाळायचं, हॉप्स मी टाकायचे, झाकणं दोघांनी ठोकायची. लहानपणी मी त्याच्याशी फारसा बोललो नव्हतो. ते बोलणं त्या खोलीत झालं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे शनिवार होते. तो बाहेरही पितो, आणि बेतात पीत नाही, हे मला दिसत होतं. मी म्हणायचो, बाहेरचं बाहेर. इथे काय, स्वँकीच तर आहे.

तांब्याचा हंडा, बाटल्या, झाकणं ठोकायचं यंत्र भंगारात द्यावं. कुणी आठवण म्हणून मागितलं तरी देऊ नये.

कलम ६. ट्रूडी, हे तुला.

२००९ च्या जानेवारीत ब्रेंटनने पिणं सोडलं. तू त्याच्याबरोबर उभी राहिलीस. अकरा महिने त्याने थेंबाला हात लावला नाही. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी तू त्याचं तोंड हुंगलंस, तुमचं भांडण झालं आणि तो घराबाहेर पडला. दफनाच्या दिवशी तू मला म्हणालीस, "बाबा, मी विश्वास ठेवला असता तर तो प्यायलाच नसता." मी तुझा हात थोपटला.

तो त्या सकाळी तुझ्या रागाने दारूच्या दुकानात गेला नाही. तो माझ्याकडे आला. त्याने सोडल्यापासून आमचे शनिवार बंद होते, मेल्वा गेल्यानंतर मला त्या खोलीत एकट्याने काम करवत नव्हतं, आणि तो आला याचाच मला आनंद झाला होता. मी म्हणालो, "बघ, मनुका वर आल्या."

"नको बाबा. मी सोडलीय."

"दारू सोडलीस ना? ही काय दारू आहे? तुझ्या आजीने ही पाद्र्याला पाजलीय."

"बाबा, खरंच नको."

"म्हणजे बापाच्या हातचं आता चालत नाही तर."

मग त्याने ग्लास घेतला. ते वाक्य मी बोललो नसतो तर त्याने घेतला नसता, हे मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं. निघताना दोन बाटल्या मी स्वतः त्याच्या गाडीत ठेवल्या. त्यानंतर त्याचं पिणं थांबलं नाही, आणि पाच महिन्यांनी भर दुपारी गाडी झाडावर गेली.

मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू आली नसतीस. दर रविवारी तू जेवण आणतेस, माझ्या पायाची नखं कापतेस. ते मला सोडवलं नाही. ट्रूडी, अपराध माझा आहे. तुझा कधीच नव्हता.

ठिकाण: मूंटा. दिनांक ११ फेब्रुवारी २०१९.
सही: डेन्झिल ट्रेझाइझ
साक्षीदार: १. नॅन्स हॉकिंग, निवृत्त ग्रंथपाल. २. एल्विन पास्को, निवृत्त पोस्टमन.

पुरवणी

वरील मृत्युपत्रावर सही करण्याआधी नॅन्सने ते सगळं वाचलं. साक्षीदाराने वाचायची गरज नसते, पण तिला कोण सांगणार! वाचून म्हणाली, "हे तिला कधी कळायचं?"

"मी गेल्यावर."

"शाबास! म्हणजे तिला राग आला तर ओरडायला समोर माणूसही नको?"

पुढच्या रविवारी, १७ फेब्रुवारीला, जेवण झाल्यावर मी कलम सहा ट्रूडीला स्वतः वाचून दाखवलं.   संपल्यावर तिने विचारलं, "किती ग्लास?"

"एक. आणि दोन बाटल्या."

"नऊ वर्षं, बाबा. नऊ वर्षं मी रोज त्या सकाळीच उठतेय. आणि तुम्ही समोर बसून माझ्या हातचं बटाट्याचं सूप पीत होतात?"

मी हो म्हणालो. 

तिने भांडी होती तशीच ठेवली, पर्स उचलली. दारात पोचल्यावर तिला रडू फुटलं. चौकटीला धरून, माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "म्हणजे कारण मी नव्हते." मग पुन्हा एकदा, हळू आवाजात, "मी नव्हते."

त्यानंतर सहा रविवार ती आलेली नाही. जेवण आता नगरपालिकेची बाई आणते. मला तिची आठवण येते, फार येते, आणि हे मी तिने ऐकावं म्हणून लिहीत नाही. तिला कुणी फोन करू नये. दफनाला ती आली नाही तर कुणी चकार शब्द काढू नये. कलम दोन आहे तसंच राहील.

ठिकाण: मूंटा. दिनांक २ एप्रिल २०१९.
सही: डेन्झिल ट्रेझाइझ
साक्षीदार: नॅन्स हॉकिंग, एल्विन पास्को.