उपाशी पोटीचा रिपोर्ट

१४ मार्च

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार. खानावळीची दुसरी शाखा उघडते आहे म्हटल्यावर ठीक नसायला काय झालं! वहिनीचा गुडघा कसा आहे? आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू एकदाचे गेले, डोक्यावरचा धुडगूस थांबला. ह्यांची बदली टळली. झाल्या बातम्या.

तुझा निरोप मिळाला. ‘उद्घाटनाला बाबांना पाठव, आठवडाभर काचेपाशी बसले की गिऱ्हाईक लागेल.’ वाचून माझं डोकंच फिरलं.

मालकाचा बाप आपल्याच खानावळीतलं अन्न मिटक्या मारत खातो, हे रस्त्यावरून दिसावं म्हणून तू त्यांना दर्शनी काचेमागे टेबल दिलंस. सकाळची गर्दी आली की एक ताट, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं, आणि मधे मधे कढईतून निघेल ते. ताट रिकामं दिसलं की तूच आतून ओरडायचास, "अरे, बाबांना वाढा!" येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, काय गुणाचा मुलगा आहे, बापाचे किती लाड करतो.

वर त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट फ्रेम करून गल्ल्यामागे टांगलास. रोज इथलं खाऊनही म्हाताऱ्याची चरबी नॉर्मल! रिपोर्ट खोटा होता असं मी म्हणत नाही. पण तो उपाशी पोटी दिलेल्या रक्ताचा होता, आणि दादा, वर्षातली तेवढी एकच सकाळ बाबा उपाशी असायचे.

मी त्यांना इकडे घेऊन आल्यावर इथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधी जेवायला लावलं आणि काही तासांनी रक्त काढलं. नळी थोडा वेळ उभी ठेवली तर वरचा भाग दुधासारखा गढूळ. मग दंडाला आणि पायाला पट्टे बांधून नाडीची लाट किती वेगाने पळते ते मोजलं. जितकी ती जोरात पळते तितकी रक्तवाहिनी ताठर, म्हणे. बाई मला म्हणाल्या, "जेवणातली चरबी काही तास रक्तात फिरत राहते. तेवढा वेळ धमन्या नीट सैल पडत नाहीत. एका जेवणाने काही आभाळ कोसळत नाही हो, पण यांची पहिली चरबी ओसरायच्या आत दुसरं ताट यायचं. वर्षानुवर्षं हेच. आता त्या ताठ नळ्यांतून रक्त ढकलताना हृदयाचा जीव मेटाकुटीला येतोय." त्यावर बाबा काय म्हणाले असतील? "पण भिंतीवर तर नॉर्मल लिहिलंय!"

इथे ते बेताचं जेवतात, सकाळी फिरून येतात. जिना चढताना आता धाप लागत नाही. हां, तुझ्याकडच्यासारखी मजा नाही, हे रोज ऐकवतात.

एक गोष्ट लिहायचीच नाही असं ठरवून बसले होते. पण राहवत नाही.

मागे तू फोन केलास, ‘बाबांना जरा ॲसिडिटी झालीये, येऊन घेऊन जा.’ मी पोचले तेव्हा ते मागच्या खोलीत पोत्यांना टेकून घामाने निथळत होते. खरं काय झालं ते मला परवा कळलं, तेही बाबांच्याच तोंडून आणि कौतुकाने! "छातीत कळ आली तेव्हा ऐन गर्दीची वेळ होती गं. त्याने काचेवरचा पडदा ओढला आणि म्हणाला, एवढी गर्दी ओसरू द्या बाबा, मग बघू. धंद्याचं डोकं आहे हो पोराला!"

दादा, तुझी जीभ झडली कशी नाही? राग येतो म्हणणं फार थोडं झालं. मला तुझी किळस येते.

तुला वाटत असेल, ही काही त्यांना पाठवत नाही. मीही तेच ठरवलं होतं. दारात आडवी उभी राहिले, भांडले, रडले. ते आपले शांतपणे कपड्यांच्या घड्या घालून बॅगेत ठेवत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्याकडे मला काही कमी नाही, पोरी. पण त्याने मला कधी कशासाठी बोलावलंय का? एवढ्यासाठीच बोलावतो." धडधाकट डोक्याच्या माणसाला कोंडून ठेवता येत नाही.

म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलंय, आत काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. तू हे वाचत असशील तेव्हा ते तुझ्यासमोर उभे असतील, प्रवासाने दमलेले, तरी हसत, आणि विचारत असतील, "कुठे बसू?"

सांग त्यांना, कुठे बसायचं ते.

आणि या खेपेला ‘येऊन घेऊन जा’ असा फोन करू नकोस. तूच आणून सोड. चालतेबोलते.

अजून तरी तुझीच,
धाकटी