अपेक्षाच्या टाक्यांखाली

३ नोव्हेंबर, सोमवार
चिकलठाण्याच्या दवाखान्यात आज नर्स म्हणून रुजू झाले. राहायची खोली छान आहे, खिडकीतून विमानं उतरताना दिसतात! सर्जन डॉ. ऋतुराज हसतमुख. मोठ्या सिस्टर लीलाबाईंनी त्यांच्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आग्रहानं खाऊ घातली. बिडकीनला आईला फोन करून सांगितलं, काळजी करू नको, माणसं चांगली आहेत.

५ नोव्हेंबर
शेंद्र्याकडून अपेक्षा नावाची सात वर्षांची मुलगी आली. मक्यात रानडुकरानं सुळा मारून पोट फाडलेलं. आई कडूबाई बाहेर आलेलं आतडं ओल्या पदरानं दाबून धरत तिला घेऊन आली. त्याला माती, मक्याचं तूस चिकटलेलं. आम्ही ते सलाइननं धूत राहिलो. डॉक्टरांनी फाटलेला तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली, पोट शिवलं. पोरगी वाचली. कडूबाई माझे हात कपाळाला लावून रडली.

७ नोव्हेंबर
पट्टी काढली तर टाक्यांमधून काळे राठ केस. डुकराचे. चिमट्यानं ओढले तशी पोरगी किंचाळली. केस अडकलेले नव्हते, आत रुजलेले होते. वास उकिरड्याचा. हात घासघासून धुतले, तरी तो गेला नाही.

८ नोव्हेंबर
पोट पुन्हा उघडलं. आतड्याला आतून केस. ओले, चिकट. डॉ. ऋतुराज बाहेर जाऊन ओकले. तोवर जखम मी झाकून धरली. आतून काहीतरी माझा तळवा हुंगत होतं. ओलं नाक —
डॉक्टरांनी परत येऊन घाईघाईनं शिवलं.

९ नोव्हेंबर
पोरगी नाकानं गादी उकरते. पट्टीतला पू चाटते. मला तिची किळस येते. लेकराची किळस! कडूबाई दारातूनच म्हणाली, "सिस्टर, ही माझी लेक नाय. मी नाय येत आत." गेली.

१० नोव्हेंबर, दुपार
डॉक्टर आले नाहीत. वॉर्ड रिकामा केला. लीलाबाई मला ओढत होत्या. तेवढ्यात अपेक्षा म्हणाली, अगदी लेकराच्या आवाजात, "ताई, हात धर ना. पोटात लई ढुसतंय."
बसले. लीलाबाईंनी बाहेरून कडी घातली.

एका हातानं लिहितेय. टाके तुटताहेत — आतून —
पिवळा सुळा. दुसरा —
ती डोळे मिटून म्हणते, ताई सोडू नको. नाही सोडत. पण ते आता माझ्याकडं वळ—