रिकाम्या फरशीवरच्या भिंती

९ नोव्हेंबर, शनिवार

जागा दिली तर घेत नाहीत! हॉलमध्ये खिडकीजवळ सहा फूट बाय चार फुटांचं कुंपण केलं. जाळीचे तुकडे एकमेकांना बांधले, खाली जुनी चादर, कोपऱ्यात लपायला खोकं. आणि हे दोन महाशय दोन बाय दीडच्या तुकड्यातच गोल गोल फिरतायत.

वरच्या मजल्यावरच्या रीनाची ही गिनी पिगची जोडी. गोटू आणि चिंधी. तिची बदली झाली, ती बंगळुरूला गेली आणि हे माझ्या गळ्यात. दोन वर्षं पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवली होती तिनं! चांगलं सुनावलं मी तिला. पळायला, लपायला, एकमेकांवर रुसून लांब जाऊन बसायला जागा लागते म्हटलं. पिंजरा त्याच दिवशी भंगारवाल्याला दिला.

श्वेता बघत बसली होती. म्हणाली, "त्यायले माहीतच नाही न ताई, भिंत गेली म्हणून."

आठ दिवसांतलं तिचं सगळ्यात लांब वाक्य.

१० नोव्हेंबर, रविवार

मुद्दाम खडूनं आखलं — जुना पिंजरा जेवढा होता तेवढं. आता लख्ख दिसतं. रेषेपाशी येतात, नाक हलवतात, वळतात. एकदाही चूक नाही. हातभर पलीकडे कोथिंबिरीची जुडी ठेवली. गोटूनं मान लांब केली, शिटी वाजवली, पाय काही उचलला नाही. चिंधीनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

दीड तास बसले मी. मग मीच हरले, जुडी आत सरकवली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

श्वेताचं लिहायचं टाळत होते. माझी धाकटी बहीण. अकरा वर्षं झाली लग्नाला, सावनेरला असते, नवरा अश्विन कोळशाच्या खाणीत. त्यानंच आणून सोडली. दारातूनच म्हणाला, "थोडे दिवस राहू द्या ताई तुमच्याजवळ. ती जरा मोकळी होईन."

मोकळी! बांधली कोणी होती मग?

बेडरूममध्ये झोपत नाही. हॉलमध्ये गादी टाकून दे म्हणाली. गॅलरीत येत नाही, टीव्हीला हात लावत नाही. जेवते नीट. केस धुवून देताना अंग पाहिलं — कुठं वळ नाही, डाग नाही. पण काहीतरी केलंय त्या माणसानं. मला वास येतो अशा गोष्टींचा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सुट्टी. आज दिसलं.

सकाळी सोफ्यावर बसून तिला चहाला हाक मारली. सोफा तिच्यापासून तीन पावलांवर. ती उठली, उलट्या दिशेला गेली, चपलांच्या रॅकजवळच्या कोपऱ्यात थांबली. तिथं पाय उचलला — उंच, काहीतरी ओलांडावं तसा. खाली सपाट फरशी! मग अख्खा वळसा घालून माझ्याकडे आली, चहा घेतला, त्याच वाटेनं परत. पाय पुन्हा उचलला.

दिवसभर लक्ष ठेवलं. आमच्या हॉलच्या फरशा दोन फुटी आहेत, त्यामुळे मोजायला सोपं. चार फरशा लांब, तीन रुंद. आठ बाय सहा. त्याच्या बाहेर ती जाते ती फक्त त्या एका कोपऱ्यातून. आत चालताना डावा तळवा हवेत टेकलेला.

संध्याकाळी मी मुद्दाम तिच्या रेषेवर जाऊन उभी राहिले. ती चालत आली. माझ्यापासून वीतभर अलीकडे वळली. नजर माझ्यावर नव्हती, माझ्या जागी जे काही होतं त्यावर होती. तिकडे जाळीत गोटू-चिंधीही वळले, त्याच क्षणी.

मला घरात भीती वाटली. माझ्याच घरात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

अश्विनला फोन केला. तोंड सुटलंच माझं. "आठ बाय सहाची खोली होती ना? बाहेरून कडी लावत होतास ना तू?"

तो हळूच म्हणाला, "मी तं दार उघडंच ठेवतो ताई. लग्नापासून. तिलेच नाही निघता येत. दोन खोल्या आहेत, ती एकच वापरते. लहानपणी काही झालं होतं का, हे विचारायचं होतं तुमाले. हिंमतच नाही झाली."

खोटारडा! स्वतःचं पाप आमच्या माहेरावर ढकलतोय. फोन आपटला मी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

वकीलबाईंकडे जाऊन आले. अदितीताई म्हणतात त्यांना सगळे, हुशार वाटल्या. घरात कोंडून ठेवल्याची तक्रार आणि घटस्फोट, दोन्ही एकदमच करू म्हणाल्या. लग्नाचे कागद आणि फोटो लागतील. ते सगळं कुहीला, माहेरच्या घरी आईच्या पेटीत.

श्वेतापुढे अर्ज ठेवला. वाचलासुद्धा नाही तिनं. "कुठं करू सही, ताई?" मी बोट ठेवलं, तिनं केली. लहानपणापासून माझं ऐकते. तेवढं एक बरं आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

चिंधी आज रेषेवर बसून राहिली. पुढचे पाय बाहेर. श्वेता तासभर श्वास धरून बघत होती.

२४ नोव्हेंबर, रविवार

कुही. आई गेल्यापासून घर बंदच. किल्ली शेजारच्या पंचफुलाकाकूंकडे असते. कागद लगेच सापडले. निघायचंच होतं, पण म्हटलं मागची खोलीही बघून घ्यावी — बाबा धान ठेवायचे ती. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून तिचा उंबरा गुडघ्याएवढा आहे. पाय उचलला आणि तसाच राहिला.

कुंपणासाठी घेतलेला टेप पर्समध्ये होता. आठ फूट. सहा फूट. दार कोपऱ्यात.

खिडकी नाही. मोबाइलचा उजेड पाडला. मातीच्या भिंतींवर चारी बाजूंनी एक पट्टा गुळगुळीत झालाय. माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. बाकी भिंत खरबरीत. मी पट्ट्यावर तळवा ठेवला, लगेच काढला.

काकूंना विचारलं, पावसाळ्यात आम्ही पोरी कशा राहायचो?

"रोवणीचे दिवस असत न वं. तुये मायबाप पहाटीच वावरात, धानाच्या बांधीत जायचे. सांजच्याले येत."

"मग श्वेताला कोण पाहायचं?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू लय समजदार होती वं. शाळा नाही बुडवली कधी." आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी चहा न घेताच निघाले.

मी तेव्हा नऊची, ती चारची. त्या पावसाळ्यांतलं मला खरंच काही आठवत नाही. बसमध्ये डोकं टेकून खूप आठवून पाहिलं. एकच आठवतं — शाळेत मिळालेलं बक्षीस. वर्षभर एकही दिवस गैरहजर न राहिल्याचं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला निघाले. श्वेता तिच्या आठ बाय सहात मांडी घालून बसली होती. मी चप्पल घातली तशी म्हणाली, "ताई, कडी लावून जाय शाळेत. मी आता रडत नाही."