दुपारी बसणारी मेंढरं

सांगली, १० जानेवारी

तीर्थरूप आदगोंडा मामांस, चंदनबालाचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार. (कागदावर वाकायला सोपं जातं. समोर असते तर तुम्ही पाठीत धपाटा घातला असता.) तुमचा गुडघा कसा आहे? सुंदरीमामींच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडतात ना, की बाटली फ्रिजवर ठेवून दोघंही विसरता? फोन सोडून पत्र का लिहिते, असं वाटलं असेल. फोनवर तुम्ही माझ्या पहिल्या वाक्याला हं म्हणता आणि दुसऱ्यापासून स्वतःच बोलता. पत्रात ती सोय नाही.

तुमचे दोन्ही निरोप पोचले. पहिला, तासगावच्या बेदाणा शेडवरची माडी महिनाअखेर रिकामी करायची, कारण हंगाम तोंडावर आलाय आणि खोकी ठेवायला जागा हवी. दुसरा, गेमचं खूळ संपलंच आहे तर पाचगणीला तुमच्या धवलच्या हॉटेलात बुकिंगचं टेबल सांभाळायचं. माडीवरचा आमचा स्टुडिओ बंद झाला हे खरं आहे. पाटी आम्हीच उतरवली, मागची धूळ पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली. पण ते खूळ होतं आणि माझ्या हट्टापायी बुडालं, असं तुम्ही कुंडलच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगितलंत, त्याबद्दल मला बोलायचं आहे. उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही अर्ध्या तासात जेवायला निघून गेलात, त्यामुळे तुम्हाला अर्धीच हकिगत माहीत आहे.

आम्ही तिघं होतो. चित्रं राणीची, प्रोग्रॅमिंग मल्हारचं, आणि चहा, लाइटबिल व काळजी एवढं माझ्याकडे. पुण्यात पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी बटणं आणि खिडक्या बनवून मी कंटाळले होते. आपल्याकडे बनलेला, आपल्याकडचा एक खेळ असावा असं वाटायचं, आणि तो राणीच्या मेंढपाळ घरात तयारच होता. दिवाळी झाली की आटपाडीहून मेंढरं घेऊन निघायचं, तासगाव, कुंडल, कराड करत घाट उतरून कोकणात जायचं, वाटेत कळप सांभाळायचा. बंदूक नाही, राक्षस नाही. चाळीस मेंढरं, एक घोडं, एक कुत्रं आणि चारा. तीन वर्षं लागली. (गंधकाची धुरी दिलीत की माडीवर आमचेही डोळे चुरचुरायचे. बेदाणा उजळ व्हायचा, आम्ही तेवढे खोकायचो.)

सल्लागार म्हणून राणीची आजी धोंडुबाई आली. चाळीस वर्षं ती ही वाट चाललेली आहे. ती खाटेवर बसून फोन हातभर लांब धरायची आणि आमच्या चुका काढायची. मेंढरू मोटरसायकलीसारखं वळत नाही. कुत्रं असं पुढं नाचत नाही. संध्याकाळी घाट उतरणारा माणूस मेंढका नव्हे, येडा. सगळं आम्ही दुरुस्त केलं. मग तिने महत्त्वाचा नियम सांगितला. म्हणाली, "दुपारचं मेंढरू बसतंय. बारा वाजलं की बसणार, चारला उठणार. तुमच्या फोनाचं काय बी ऐकायचं न्हाई ते." मल्हारला हे इतकं आवडलं की त्याने खेळातलं घड्याळ फोनच्या खऱ्या घड्याळाला जोडून टाकलं. बारा वाजले की मेंढरं सावलीत बसणार, चार वाजता उठणार. मधे खेळणाऱ्याने काहीही करावं, जेवावं, झोपावं.

आता तुम्ही म्हणाल, तीन वर्षांत एकालाही यातली गोम कळली नाही? नाही कळली, मामा. तुमच्या माडीवरचा पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. बारा वाजले की आम्ही चौघंही खाली येऊन बेदाण्याच्या जाळ्यांच्या सावलीत पथारी टाकायचो आणि चारला चहा पिऊन वर जायचो. मेंढरं बसलेली असताना आम्हीही बसलेलेच. खेळात काही अडतंय असं वाटायला मुळात कुणीतरी जागं असावं लागतं.

सांगलीच्या हॉलमधल्या उद्घाटनाची वेळ कुणी ठरवली, ते आठवतं का? मी संध्याकाळी सहा म्हणत होते. सकाळचे सौदे आटोपून मोकळा होतो, बारालाच ठेव, असं तुम्ही म्हणालात. मी ऐकलं. (हट्टी बाईने.) पाहुणे नानासो, साखर कारखान्याचे माजी संचालक, यांनी दीप लावला, नारळ घेतला आणि बारा वाजून दोन मिनिटांनी खेळ जगासाठी खुला केला. मोठ्या पडद्यावर चाळीस मेंढरं आली आणि पुढचे पाय दुमडून एकेक करून खाली बसली. नानासोंनी बोटाने दाबलं. मग अंगठ्याने. मग कुणीतरी बोट कोरडं असेल म्हणून ओला रुमाल आणून दिला. लोकांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवणाकडे वळले. त्यात तुमचा नंबर पहिला होता. पहिल्या रांगेत धोंडुबाई एकटीच खूश होती. "बसली बघ कशी. लय शानी हायती," असं शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती.

ज्यांनी त्या तासाभरात खेळ घेतला, त्या सगळ्यांनी एकच लिहिलं, गेम हँग आहे. एकाने तर फोन बंद करून चालू केला, तरी मेंढ्या बसल्यातच, अशी तक्रार केली. चार वाजता मेंढरं उठली तेव्हा हॉलमधल्या खुर्च्या उचलत होते. आम्ही तिघं पडद्यासमोर उभे राहिलो. धूळ उडवत कळप निघाला, कुत्रं मागे, कलतं ऊन, आणि धोंडुबाईच्या आवाजातली हाळी. मामा, इतकं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा होईल की नाही, मला माहीत नाही. ते तुम्ही पाहायला हवं होतं. तुम्ही बासुंदी खाऊन केव्हाच घरी गेला होतात.

खेळात पैसे घातलेल्या पुण्याच्या कंपनीने आठवड्यात कळवलं, की मेंढरं दुपारी उठवा, काठी मारली की पळाली पाहिजेत, नाहीतर आम्ही बाजूला होतो. मल्हारला ते दहा मिनिटांचं काम होतं. आम्ही धोंडुबाईला विचारायला गेलो, कारण खेळाच्या पहिल्याच पानावर तिचं नाव आहे. ती तंबाखू मळत होती. रागावली नाही. "उठवा की," म्हणाली, "मेंढरं तुमची हायती. पन त्या पानावरनं माजं नाव तेवढं पुसा."

आम्ही पुसलं नाही. कंपनी बाजूला झाली, स्टुडिओ बंद झाला. मल्हारला कराडला नोकरी लागली, राणी शाळेत चित्रकला शिकवते. चाळीस मेंढ्या उठवल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं तुम्ही पंगतीत विचारलंत. मीही एक विचारते. सगळा बाजार तसं करतो, तरी तुम्ही बेदाण्यावर पाणी मारून वजन का वाढवत नाही? तीस वर्षांत हे तुम्हाला मी कधी विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं. तुम्हालाही माझं माहीत असायला हवं होतं.

तेव्हा मला वाईट वाटतं, पण लाज वाटत नाही. तुमचा शब्द मोडत नाही. माडी रिकामी करते, किल्ली मामींच्या हातात देते आणि एक तारखेला पाचगणीला जाते. मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावा, उन्हात हिंडू नका.

तुमची भाची,
चंदनबाला

ता. क. माडी रिकामी करीन, पण खिडकीखालचा काळा संगणक चालूच ठेवणार आहे. खेळणाऱ्या सगळ्यांचे कळप त्याच्यात नोंदलेले असतात. खोकी ठेवताना त्याची पिन कुणी उपसली तर सगळे कळप जिथल्या तिथे नाहीसे होतील. म्हणून हमालांना आधी सांगा.

ता. क. दुसरं. अजून त्रेसष्ट माणसं खेळतात. मला प्रत्येकाचं फक्त गाव आणि घेतलेलं नाव दिसतं. त्यात तासगावचं एकच आहे. ते उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून रोज बाराला खेळ उघडतं आणि चारच्या ठोक्याला बंद करतं, त्यामुळे त्याचा कळप आटपाडीतून एक पाऊल पुढे गेलेला नाही. नाव घेतलंय 'सुंदरी'. मामा, मामींना फोनचं कुलूपसुद्धा उघडता येत नाही.

ता. क. तिसरं, आणि खरं कामाचं. एक दिवस चारला बंद करू नका. कळप उठतो, तो बघा. रोज थोडं चाललात तर तुमची मेंढरं अडीच महिन्यांत घाट उतरतील. तेवढे दिवस माडी माझ्याकडे राहू द्या आणि धवलला दुसरं कुणी बघायला सांगा. कोकणात पोचलात की पिन मी स्वतः काढीन, किंवा तुम्हीच काढू नको म्हणाल. उत्तराची घाई नाही. चारनंतर कळवा.