सदर नळास हवा येते

ती. मामा यांस,

नमस्कार. तुमची गुडघेदुखी आणि मामीचा रक्तदाब, दोन्ही उतरली असतील असं धरून चालते. मुद्दे आधी देते. कंटाळलात तर पुढचं वाचू नका.

१. कॉलेजच्या भित्तिपत्रकात ‘जुन्या पानांतून’ हे सदर माझ्याकडे आहे.
२. त्यासाठी मी जुन्या वर्तमानपत्रातलं, आमच्याच वसतिगृहाबद्दलचं एक वाचकाचं पत्र जसंच्या तसं उतरवलं.
३. खाली तारीख घातली. तीस वर्षांपूर्वीची.
४. तारीख कोणीही वाचली नाही.
५. शनिवारपर्यंत मी लेखी माफी द्यायची आहे किंवा खोली सोडायची आहे.

सदर माझ्याकडे आलं, कारण कामं वाटली त्या बैठकीला मी गैरहजर होते. (हजर असलेल्यांनी कविता घेतल्या.) तेव्हापासून ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे उपसते आहे. ग्रंथपालबाई दारातूनच ओरडतात, “हळू उलट गं, पानं माझ्यापेक्षा म्हातारी आहेत.” एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या पानावरचं सगळं संपलेलं असतं. कोण कोणाला काय म्हणालं, कोणत्या सभेत खुर्च्या उडाल्या, याचं आज कोणालाच काही वाटत नाही. वाचकांच्या पत्रांतलं मात्र काहीच संपलेलं नसतं. रस्त्यावरचा खड्डा, बंद दिवा, उशिरा येणारी बस, सगळं ताजं. वाचूनच थकायला होतं.

त्यातच हे वाक्य सापडलं: “वसतिगृहातील सदर नळास पाणी न येता केवळ हवा येते, व तीही अनियमित.” खाली सही, ‘एक त्रस्त विद्यार्थी’. (तेव्हा ते मुलांचं वसतिगृह होतं, आता मुलींचं आहे. नळ तेच.) इतकं नेमकं मला लिहिता येत नाही, म्हणून एक शब्दही बदलला नाही. दुपारपर्यंत फळ्यापुढे गर्दी झाली, संध्याकाळी रेक्टर मॅडमचं बोलावणं आलं.

मी मॅडमना तारखेवर बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, तेव्हा तुम्ही शाळेत असाल.

“तारीख जुनी असली म्हणून काय झालं? नळ आजही तसाच आहे ना!”

बाहेर शिपाईकाका खोकले. आपण काय बोललो हे मॅडमच्या लक्षात आलं आणि त्या जास्तच चिडल्या. “हा त्रस्त कोण आहे, त्याच्या सहीनं लिहून आण. नाहीतर ती त्रस्त तूच, असं मी धरीन.”

रात्री आईला फोनवर पत्र वाचून दाखवलं. ‘सदर’ ऐकताच ती हसत सुटली. “अगं, हा तर आमचा दादा! तेव्हा तो तिथेच राहायचा.” मला पटायला वेळ लागला नाही. मी बारावी झाले तेव्हा घरच्या ग्रुपवर ‘सदर भाचीचे अभिनंदन’ असं दुसरं कोण लिहिणार? (आम्हाला मात्र तुम्ही सांगत आलात की शिकताना कशाबद्दल कधी कुरकुर केली नाही.)

तर दोन ओळी लिहून खाली सही करा: सदर पत्र माझे असून तेव्हाचे रेक्टर वेगळे होते.

तुमची भाची

ता. क. आई म्हणते, तुम्ही सही करणार नाही. कारण आता तुम्हीच पाणीपुरवठा खात्यात साहेब आहात आणि आमच्या भागाची फाइल तुमच्याच टेबलावर असते. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग सही राहू द्या. माफी मी लिहून ठेवली आहे: ‘झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे.’ कोण करतंय, ते त्यात नाही. तीन वर्षं प्रयोगांचे अहवाल लिहून एवढं जमायला लागलं आहे.

ता. क. २. माफी दिली की खोली राहील. पण ती हीच खोली आणि हाच नळ. रोज पहाटे बादली घेऊन तीन मजले उतरायचा मला आता खरंच कंटाळा आला आहे. एक माणूस पाठवून फाटकाबाहेरचा व्हॉल्व्ह तेवढा तपासून घ्या. तो कधी येईल, ते गुरुवारपर्यंत कळवा.