ग्रीस नव्हे, युनान

दुबई, सोम. ८ फेब्रुवारी १९६५

आजचं लिहून ठेवलंच पाहिजे. भाकऱ्या थापत होते. हे कामावरून आले ते तेलकट हातांनी थेट चुलीपाशी. म्हणाले, "हमिदा, मे महिन्यात बोटीवर राहायला येशील?" मला वाटलं, पुन्हा कुणाचं तरी इंजिन बसलं आणि ह्यांचा मुक्काम लाँचवर. म्हटलं, "मी येऊन काय पाने धरू?"

तर गोष्ट अशी. बाहेर समुद्रात जे ग्रीक मालाचं जहाज उभं आहे त्याची क्रेन ह्यांनी दुरुस्त करून दिली. कप्तान, निको नाव, बेहद्द खूश. त्याच्या भावाची गावी शिडाची यॉट आहे, परदेशी लोकांना सुट्टीसाठी भाड्याने देतो. आमच्याकडून नावापुरतं भाडं घेणार. पंधरा दिवस, एक खलाशी सोबत. जायला निकोचंच जहाज, एप्रिलअखेर ते इथून परत निघेल तेव्हा. यायचं कसं ते मागाहून बघू.

मी हो म्हटलं. लगेच! जरा आढेवेढे तरी घ्यायचे होते. भाकरी करपली.

मंगळ. ९ फेब्रु.

झोप कसली येतेय. निकोने जुना समुद्राचा नकाशा दिलाय तो जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर चार वाट्या. बेटाचं नाव मला म्हणताच येत नाही. जीभ वळते तिकडे दात येतात. एकच गाव, मोटार एकही नाही, संध्याकाळी शेळ्यांच्या घंटा तेवढ्या ऐकू येतात म्हणे. भोवती लहान लहान बिनवस्तीची बेटं. सकाळी शीड लावायचं, वाटेल तिथे नांगर टाकायचा.

लगेच भांडण. ह्यांना उत्तरेकडून फिरायचंय, मला दक्षिणेकडून, कारण तिकडे वाळूच्या खाड्या जास्त दिसतात. स्टोव्ह न्यायचा की नाही यावरून तर आवाज चढले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मग दोघं हसत सुटलो.

वाळूच्या खाड्या कशासाठी ते ह्यांना सांगितलं नाही. इथे लिहिते. मला पोहायचंय. जैतापूरच्या खाडीत मी मुलग्यांच्या पुढे जायची. बाराव्या वर्षी अम्माने हात धरून बाहेर काढलं, ते आजतागायत कोरडीच. इथे घरासमोर खाडी आहे, पण ओळखीचे डोळे किती! पाय बुडवला तरी शारजापर्यंत बातमी.

शुक्र. १२ फेब्रु.

शारजाला मामूंकडे. मामू म्हणजे ह्यांच्या आईचे भाऊ. सासरे लवकर गेले, ह्यांना मामूंनीच वाढवलं, इथे आणलं, कामाला लावलं. पूर्वी गलबतावर तांडेल, म्हणजे कप्तानच होते, आता तांदळाचं दुकान. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. आणि ह्यांची ही सुट्टी गावाला जायची आधीच ठरलेली, सासूबाई वाट बघतायत. म्हणून मामूंची परवानगी हवीच. वाटेत जीप वाळूत रुतली, मी कुराणातली आयतल कुर्सी म्हणत बसले, रस्त्यासाठी नव्हे, मामूंसाठी.

जेवण झाल्यावर ह्यांनी घसा खाकरला. "मामू, यंदा गावाला नाही गेलो तर? ग्रीसला जावं म्हणतो."

"ग्रीसला? अरे, डबे बाजारात मिळतात. त्यासाठी सुट्टी कशाला?"

मी ओढणी तोंडात कोंबली. हे म्हणाले, "इंजिनाचं ग्रीस नव्हे. मुलूख आहे तो. ग्रीस म्हणजे युनान, मामू."

मामू एकदम उठून उभे राहिले. डोळ्यांत पाणी. "युनान! मग लाजतोस काय सांगायला? हकिमांची हिकमत सगळी तिथलीच. माझ्या मनात कधीपासून होतं, बोलू कसं म्हणून गप्प होतो." माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जा बेटी. गावी मी कळवतो. अल्ला तुझी ओटी भरेल."

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. मामूंना वाटलं, आम्ही युनानी हकिमाकडे इलाजाला चाललोय! ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. मामूंचा गैरसमज तसाच राहू दिला. परवानगी मात्र मिळाली.

परत येताना ह्यांना हसू आवरेना. मलाही आलं. पण पूर्ण नाही.

मंगळ. १६ फेब्रु.

गावभर झालं. सकाळी शेजारच्या बिल्किसभाभी, श्रीवर्धनच्या, मनाने लोण्याच्या पण तोंडाला झाकण नाही. "हमिदा, युनानला चाललीस? आमच्या ह्यांच्या दम्याचं तेवढं विचार हां." दुपारी त्यांची नणंद, तिच्या केसांसाठी. संध्याकाळी एक अनोळखी बुवा दारात उभा, मूळव्याध! तोबा. यॉटचा दवाखाना करून टाकला लोकांनी.

आणि जो तो माझ्याकडे असा बघतो, मायेने. त्या मायेचाच राग येतो. एरवी "काय, काही बातमी?" असं विचारायचे. लग्नात तेच, मय्यतीत तेच, मासळीबाजारात सुरमईचे तुकडे करून घेताना तेच. आता विचारत नाहीत, नुसते मान हलवतात.

गुरु. १८ फेब्रु.

निको जेवायला आला. उद्या जहाज सुटतंय, एप्रिलात पुन्हा येणार. बि. भाभींनी बजावलं होतं, पडद्यामागे राहा. मी समोर बसून वाढलं. सुरमईचं कालवण खाऊन रडला, तरी दोनदा घेतलं. समुद्राला त्यांच्यात थालासा म्हणतात. थालासा, थालासा. भांडी घासताना म्हणत होते.

हिंदी त्याला मोडकंतोडकं येतं. मला म्हणाला, "मॅडम, तैरना आता?"

हे माझ्या आधीच उत्तर द्यायला निघाले, "नाही, हिला कुठून." मी म्हटलं, "आता है. बहुत अच्छा." हे बघतच राहिले! सहा वर्षांत मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. कप्तान म्हणाला, मग दक्षिणेकडून फिरा, वाळू तिकडेच. जिंकले की नाही!

रात्री ह्यांना सगळं सांगितलं, जैतापूरचं. "आधी का नाही बोललीस?" "विचारलंत कधी?" मग म्हणाले, मला शिकव. इतकी वर्षं बोटींवर काम, आणि माणसाला पोहता येत नाही! मी तर कपाळाला हातच लावला.

बुध. २४ फेब्रु.

पासपोर्टात ग्रीसचं नाव लिहून यावं लागतं, ते कागद मस्कतला, आपल्या हिंदुस्थानी कचेरीत गेले. इन्शाल्ला होईल.

हे मला गाठी शिकवतायत. कपडे वाळत घालायच्या दोरीवर सराव. शिडाची गाठ आता डोळे मिटून येते. दोरी एवढी घट्ट बांधली की सुटेना, ह्यांचा लेंगा वर लटकून राहिला. नुसतं हसायला येतं हल्ली, कशानेही.

एक जुनी सलवार आखूड करून, वर लांब बाह्यांचं काहीतरी, असा पोहण्याचा पोशाख बेतलाय. बि. भाभी म्हणाल्या, "काय शिवतेस?" म्हटलं, "तपासणीला लागतो." त्यांनी मान हलवली. आग लागो माझ्या जिभेला.

शनि. २७ फेब्रु.

आज नको ते झालं.

काल मामू आले होते, ताईत घेऊन. आज हे नकाशावर बोट फिरवत होते. फिरवता फिरवता म्हणाले, "इतकं जातोच आहोत तर असेल तिथे एखादा चांगला डॉक्टर, दाखवून येऊ. एक दिवस. काय बिघडलं?"

मी नकाशा गुंडाळला. वाट्या गडगडत गेल्या. म्हटलं, "बिघडलं काय ते सांगते. सहा वर्षं मी पाला खाल्ला, धागे बांधले, मुंबईला त्या डॉक्टरीणबाईंपुढे टेबलावर झोपले. तुम्ही एकदा तरी झोपलात? हे पंधरा दिवस मला कुणी तपासायचं नाही. नाहीतर मला यायचंच नाही. खलास."

हे जेवले नाहीत. मीही नाही.

सोम. १ मार्च

अबोला. काम सोडून घरात नुसती चालते. खरं तर जीव त्या बेटात अडकलाय आणि "यायचंच नाही" म्हणून बसले. मूर्खपणा. पण शब्द मागे घेणार नाही.

मंगळ. २ मार्च

आज हे लवकर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "हकीम नाही, डॉक्टर नाही. आणि परत आल्यावर डॉक्टर गाठायचा झाला तर आधी तपासणी माझी." एवढंच. मग हात धुवायला गेले.

मी खूप रडले. मग सांदणं केली, ह्यांना आवडतात म्हणून. नकाशा पुन्हा पसरला. आता एक राहिलं. मामूंना खरं सांगायचं. हे म्हणतात, कशाला, चाललंय ते चालू दे, सांगितलंस तर सुट्टी गेली समज. तेही खरंच. मामू नको म्हणाले की ह्यांचं पाऊल उचलणार नाही, मला माहीत आहे. पण त्या ताईतासकट मला पाण्यात उतरता येणार नाही.

शुक्र. ५ मार्च

सांगितलं.

शारजाला गेलो. मामू दुकानामागे बसले होते. मी सांगून टाकलं. "मामू, आम्ही इलाजाला नाही जात. फिरायला जातोय. बोटीतून. मजेसाठी."

मामूंमधला जुना तांडेल बोलला. "माल काय भरणार?"

"काही नाही."

"जायचं कुठल्या बंदराला?"

"कुठल्याच नाही. बेटाभोवती फिरून परत."

"रिकामी बोट, बंदर नाही, आणि वर भाडं तुम्ही देणार!" हसले नाहीत. "मग युनान का म्हणालात?"

हे खाली बघत होते. मीच बोलले. "तुम्ही खूश झालात, मामू. आमचं तोंड उघडेना. पण मला तिथे हकिमाकडे जायचं नाही. मला थोडे दिवस असं कुठेतरी राहायचंय, जिथे मला बघून कुणाला वाईट वाटणार नाही."

मामू उठले, नमाजाला गेले. परत आले ते दुसऱ्या वाटेने थेट घरात, आमच्याकडे न येता. आम्ही न जेवता परतलो.

गुरु. ११ मार्च

मामूंकडून हूं नाही की चूं नाही. बि. भाभींना अजून काही कळलेलं नाही, म्हणजे मामूंनी बाहेर वाच्यता केलेली नाही. ह्यांना विचारलं, "पस्तावलात?" म्हणाले, "नाही. पण ते म्हातारे आहेत गं." मी नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला, मग पुन्हा काढला. दिवसातून कितीदा तरी मनाने त्या बेटावर जाते. जायचंय मला, जायचंय, जायचंय.

शुक्र. १९ मार्च

मामू आज स्वतः आले, शारजाहून, न कळवता. अंगात ताज्या इस्त्रीचे कपडे. बसले, पाणी घेतलं. ह्यांच्याशी शिडाचं बोलले. किती लांबीची बोट, खलाशी कसा आहे, वारा कुठून असतो त्या महिन्यात. मी दाराआडून ऐकत होते.

मग मला हाक मारली. "बेटी, इथे बस. परत याल तेव्हा सगळी वस्ती तुला विचारणार, हकीम काय म्हणाले? माझ्यामुळेच विचारणार. काय सांगशील?"

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते आलं. "सांगेन, हकीम म्हणाले, ह्या बाईला काहीही झालेलं नाही."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"असं म्हणाले?"

"हो, मामू."

मामूंनी काठी उचलली, उठले. दारापाशी जोडे घालता घालता म्हणाले, "युनानचे हकीम कधी खोटं बोलत नाहीत."

गेले. जाताना "जा" म्हणाले नाहीत, "नको" म्हणाले नाहीत. ह्यांना विचारलं, म्हणजे काय समजायचं? हे म्हणाले, तूच समज. पासपोर्ट अजून मस्कतला. निकोला तारेने हो कळवायला मी ह्यांना सांगितलंय.